उंच केलेल्या जीपगाडीतील थरथर व स्टिअरिंगची लटपट : कारणे आणि उपाय

काळ्या जमिनीच्या मुलखात पावसाळा सुरू झाला म्हणजे पाणंदीच्या वाटा चिखलाने भरून जातात. बैलगाड्यांच्या व ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडतात आणि जीपगाडीचे पोट मधल्या उंचवट्यावर टेकते. या अडचणीवर उपाय म्हणून काही शेतकरी चारही चाकांना जोर मिळणाऱ्या आपल्या जीपगाडीचे पाटे बदलून अथवा शॅकल लांब करून गाडी दोन-चार इंच उंच करून घेतात. शेतात गाडी अडेनाशी होते, त्यामुळे खर्च सार्थकी लागला असे वाटते. परंतु तीच गाडी बाजाराच्या दिवशी डांबरी सडकेवर आली, की विशिष्ट वेगाला तळातून थरथर जाणवू लागते. पुढे एखाद्या खड्ड्यावरून चाक गेले, तर स्टिअरिंग हातात न राहता डावी-उजवीकडे जोराने हेलकावे घेऊ लागते.

हे दोन्ही दोष एकाच वेळी दिसू लागल्यामुळे ते एकच आहेत असा समज होतो. एखादा नवा भाग बसवला म्हणजे दोन्ही जातील, या आशेने पैसा खर्च केला जातो. वास्तविक थरथर आणि लटपट ही दोन वेगळी दुखणी आहेत. थरथरीचे मूळ बहुतेक वेळा प्रोपेलर शाफ्टच्या कोनात असते. लटपटीचे मूळ पुढच्या चाकांच्या कलात आणि स्टिअरिंगच्या सांध्यांतील ढिलाईत असते. थरथरीने गाडीची झीज होते, तर लटपटीने माणसे दगावू शकतात. सबब प्रथम निदान आणि मग उपचार, हाच क्रम ठेवावयास पाहिजे.

मुंबईत १९४७ सालापासून विलिस जीपची जुळणी होऊ लागली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यानंतर विकास गटांच्या कामामुळे ही गाडी खेड्यापाड्यांत परिचित झाली. पुढे व मागे अखंड अॅक्सल आणि चारही चाकांवर कमानपाटे, अशी तिची बांधणी होती. त्याच वंशातील जुन्या जीपगाड्या आजही अनेक गावांत चालू आहेत. या लेखात मुख्यतः त्याच बांधणीचा विचार केला आहे. अन्य बांधणीच्या गाड्यांविषयी शेवटी थोडक्यात सांगितले आहे.

१. उंच केल्याने नेमके काय उंच होते?

पाटे किंवा शॅकल बदलल्याने चॅसी आणि तिच्यावरील सांगाडा वर जातो. अॅक्सल व त्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचा गोळा मात्र जेथल्या तेथेच राहतो, कारण त्याची जमिनीपासूनची उंची केवळ टायरवर अवलंबून असते. टायरचा व्यास ५० मि.मी.ने वाढवला, तर हा गोळा २५ मि.मी.ने वर येतो. म्हणून आपली गाडी चाकोरीत कोठे अडते, हे वाकून पाहावे. गोळाच जमिनीला घासत असेल, तर पाटे उंच करून काहीही लाभ होणार नाही. चॅसी, गिअरपेटीचे पोट किंवा पुढचा बंपर टेकत असेल, तरच या उपायाचा विचार करावा आणि गरजेपुरतीच उंची वाढवावी. उंचीबरोबर गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो व वळणावर अथवा बांधावर गाडी कलंडण्याची भीती वाढते, हे विसरू नये.

नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास वाहनात करता येत नाही, असे मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये म्हटले आहे. म्हणून काम करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे चौकशी करणे हिताचे आहे.

२. दोष कसा ओळखावा?

थरथर ही बारीक व सतत असते. ती आसनाखालून व तळपत्र्यातून जाणवते, गाडीच्या वेगाबरोबर वाढते आणि तिला खड्ड्याची गरज लागत नाही. लटपट एखाद्या धक्क्याने सुरू होते. तीत पुढची चाके किंगपिनभोवती डावी-उजवीकडे झपाट्याने वळतात व त्यांच्याबरोबर स्टिअरिंगही फिरते. एकदा सुरू झाली, की वेग बराच कमी केल्यावाचून ती थांबत नाही.

थरथर चाकांची आहे की शाफ्टची, हे थोड्या हिशेबाने समजते. टायरचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर ताशी ६० कि.मी. वेगाला चाक सेकंदास साधारण साडेसात फेरे घेते. डिफरन्शियलचे प्रमाण पाचास एक असेल, तर तेवढ्याच वेळात प्रोपेलर शाफ्ट ३७ ते ३८ फेरे घेतो. शाफ्टच्या सांध्यातील दोषाचे झटके प्रत्येक फेऱ्यास दोन, म्हणजे सेकंदास सुमारे ७५ येतात. म्हणून चाकातील दोष ‘धड-धड’ असा मोजता येण्यासारखा जाणवतो, तर शाफ्टचा दोष घुमल्यासारखा वाटतो.

यानंतर पुढील परीक्षा क्रमाने कराव्यात.

(अ) चाके आतून-बाहेरून स्वच्छ धुवावीत. शेतातील चिखल रिमच्या आतल्या बाजूस वाळून बसला, की चाकाचा तोल बिघडतो. अनेकदा निम्मे दुखणे येथेच सापडते.

(आ) मोकळ्या, सपाट व सरळ रस्त्यावर थरथर सुरू होणाऱ्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. इंजिन मात्र बंद करू नये. थरथर कायम राहिली, तर दोष इंजिनात नसून शाफ्टमध्ये अथवा चाकांत आहे.

(इ) पुढची चाके मागे व मागची पुढे बसवून पाहावीत. थरथरीची जागा बदलली, तर टायर किंवा रिम सदोष आहे.

(ई) ज्या गाडीत पुढच्या चाकांचा जोर लिव्हरने हवा तेव्हाच जोडला जातो, तिचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून दोन चाकांच्या जोरावर गाडी चालवून पाहावी. थरथर नाहीशी झाली, तर दोष पुढच्या शाफ्टचा समजावा. पुढच्या हबला मोकळे सोडण्याची सोय नसेल, तर लिव्हर सोडलेला असतानाही चाकांबरोबर हा शाफ्ट फिरतच असतो, हे ध्यानात ठेवावे.

३. थरथर का उत्पन्न होते?

ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर चालवणाऱ्यांना एक अनुभव नेहमीचा आहे. पी.टी.ओ. चालू ठेवून रोटाव्हेटर हायड्रॉलिकने फार वर उचलला, की शाफ्ट खडखडू लागतो व खाली आणला की शांत होतो. जीपगाडी उंच केल्यावर तिच्या प्रोपेलर शाफ्टचे हेच होते. भेद एवढाच, की येथे तो कायमचा तिरपा राहतो.

शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असलेले युनिव्हर्सल जॉइंट असतात. असा सांधा तिरपा चालू लागला, की एका बाजूचा दांडा समान गतीने फिरत असूनही दुसऱ्या बाजूचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगाने व दोनदा सावकाश फिरतो. कोन जितका मोठा, तितका हा फरक अधिक. पहिल्या सांध्याने निर्माण केलेली ही ओढाताण दुसरा सांधा नाहीशी करतो, परंतु त्यासाठी दोन अटी पाळल्या जाव्या लागतात. एक, दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असावेत, म्हणजेच ट्रान्सफर केसमधून निघणारा दांडा आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा दांडा एकमेकांस समांतर असावेत. दोन, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच पातळीत असावेत.

उदाहरणार्थ, ट्रान्सफर केसचा दांडा मागच्या बाजूस ३ अंश उतरता आहे व मागचा शाफ्ट १४ अंश उतरता आहे. पहिल्या सांध्याचा कोन ११ अंश झाला. पिनियनचा दांडाही मागे ३ अंशच उतरता असेल, तर दुसरा कोनही ११ अंश होतो व गाडी शांत चालते. आता मागच्या पाट्याच्या मागल्या टोकाचे शॅकल लांब केले, तर अॅक्सल किंचित फिरतो व पिनियनचे तोंड वर उचलले जाते. ते ४ अंशांनी वर गेले, तर दुसरा कोन ७ अंश राहील. पिनियन शाफ्टकडे वळल्यामुळे सांध्याचा ताण कमी झाला, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात ११ व ७ यांतील ४ अंशांची विषमताच थरथरीला कारणीभूत होते. दोन कोनांतील फरक एका अंशाच्या आत ठेवणे, हा या कामातील मुख्य नियम होय.

४. थरथरीवरील उपाय

प्रथम शाफ्ट हाताने हलवून क्रॉसची ढिलाई तपासावी. क्रॉस झिजला असेल, तर कोन सुधारूनही उपयोग होत नाही. नंतर दोन्ही टोकांचे चिमटे एका पातळीत आहेत का, हे पाहावे. गाडी उंच करताना शाफ्ट सोडवला जातो आणि जोडताना स्प्लाइनचा एखादा दाता चुकतो. हा दोष सर्वांत स्वस्तात सुधारतो. म्हणून शाफ्ट सोडवण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची खूण करावयास विसरू नये.

त्यानंतर गाडी सपाट जागी, चाकांवर उभी असताना कोन मोजावेत. गवंडीकामातील पाणसळ आणि कोनमापक यांनी हे काम होते. ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा सपाट चेहरा, शाफ्ट आणि पिनियनची फ्लँज, असे तीन कोन कागदावर लिहावेत. पिनियन फिरलेला आढळल्यास पाटा व अॅक्सलची बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून तो मूळ कोनावर आणावा. मऊ धातूची पाचर दाबाखाली चेपते व यू-बोल्ट ढिले पडतात, म्हणून ती वापरू नये. पाचरीची जाड बाजू पुढे की मागे, हे पाटा अॅक्सलच्या वर आहे की खाली यावर ठरते. यासाठी पाचर घातल्यावर कोन पुन्हा मोजून खात्री करून घ्यावी.

कोन सारखे असूनही ते फारच मोठे झाले असतील, तर ट्रान्सफर केसचा आधार थोडा खाली घेता येतो. परंतु त्यामुळे पोट पुन्हा खाली येते व कमावलेली उंची काही अंशी वाया जाते. दुसरा मार्ग म्हणजे ट्रान्सफर केसकडील टोकास दुहेरी सांध्याचा शाफ्ट बसवणे. त्या रचनेत मात्र नियम बदलतो. पिनियनचे तोंड सरळ शाफ्टच्या दिशेस, किंबहुना किंचित खाली ठेवावे लागते, कारण जोर लागल्यावर पाटे पिळले जाऊन ते थोडे वर उचलले जाते.

५. लटपट का सुरू होते?

सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो. त्यामुळे हात सोडले तरी चाक सरळ धावण्याकडे ओढ घेते. जीपगाडीचे किंगपिनही असेच वरच्या टोकास मागे कललेले असतात. या कलास कॅस्टर म्हणतात. जुन्या विलिस जीपच्या बांधणीत तो सुमारे ३ अंश असे. पुढच्या पाट्याच्या पुढल्या टोकाचे शॅकल लांब केले, की अॅक्सल पुढे झुकतो व हा कल कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि गाडी रस्त्यावर भटकू लागते. मात्र कल गरजेपेक्षा जास्त दिला, तरीही लटपट बळावते. म्हणून आपल्या गाडीच्या निर्मात्याने दिलेला आकडा प्रमाण मानावा.

केवळ कल बिघडल्याने जोराची लटपट क्वचितच होते. तिला ढिलाईची साथ लागते. मूळ उंचीवर गाडी असताना लपून राहिलेली झीज उंच केल्यावर व जड टायर घातल्यावर उघडी पडते. ढिलाई शोधण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहावे. स्टिअरिंग बॉक्सचे चॅसीवरील बोल्ट, ड्रॅग लिंक, टायरॉडची टोके, पाट्यांचे बुश, शॅकल पिना व यू-बोल्ट, असा क्रम घ्यावा. जेथे एक बाजू हलते व दुसरी उशिरा हलते, तेथे दोष आहे.

नंतर पुढचा अॅक्सल जॅकने उचलून खाली भक्कम ओंडके द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाक वरून व खालून धरून हलवावे. खडखड आढळल्यास दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. खडखड थांबली, तर चाकाचे बेअरिंग ढिले आहे. न थांबल्यास किंगपिनचे बेअरिंग ढिले किंवा झिजलेले समजावे. किंगपिनच्या बेअरिंगला ठरावीक दाब लागतो व जुन्या जीपमध्ये तो पातळ शिमा काढून किंवा घालून देतात. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

६. लटपटीवरील उपाय

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम टायरमधील हवा दोन्ही बाजूंस सारखी करावी व चाकांचा तोल पाहून घ्यावा. दुसरे, सापडलेली प्रत्येक ढिलाई दूर करावी. तिसरे, कॅस्टर मोजून कमी झाला असल्यास पाचर घालून पूर्ववत करावा. येथे एक अडचण येते. पुढच्या अॅक्सलला मागे कलवले, की त्याच्या पिनियनचे तोंड खाली जाते व पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. म्हणजे लटपट कमी करताना थरथर वाढण्याचा संभव असतो. दोन-अडीच इंचांपर्यंत हा मेळ बहुधा बसतो. उंची त्याहून वाढत गेली, तर एक बाजू सांभाळताना दुसरी सुटते. थोडक्या उंचीवर समाधान मानावे, असे सांगण्याचे खरे कारण हेच आहे.

चौथे, पुढच्या चाकांची टो-इन मोजावी. जॅकवर चाक फिरवत टायरच्या मध्यावर खडूचा पट्टा ओढावा व त्यावर खिळ्याने बारीक रेघ मारावी. गाडी खाली घेऊन हातभर पुढे ढकलावी. मग हबच्या उंचीवर दोन्ही रेघांमधील अंतर पुढून व मागून मोजावे. पुढचे अंतर किंचित कमी असावे. जुन्या विलिस जीपसाठी हा फरक साधारण १ ते २.५ मि.मी. सांगितलेला आहे.

पाचवे, ड्रॅग लिंकचा तिरपेपणा पाहावा. चॅसी वर गेली, की तिच्यावरील स्टिअरिंग बॉक्सही वर जातो व ही दांडी तिरपी होते. मग प्रत्येक खड्ड्यात अॅक्सल वर-खाली होताना चाके आपोआप वळतात. योग्य मापाचा, खाली उतरता पिटमन आर्म बसवून दांडी शक्य तेवढी आडवी आणावी. मूळचा आर्म तापवून वाकवणे किंवा वेल्डिंग करून लांबवणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. तो रस्त्यात तुटला, तर चाकांवर कसलाही ताबा उरत नाही.

स्टिअरिंगचा डँपर हा सर्वांत शेवटचा उपाय होय. तो नवा असेपर्यंत लटपट दाबून धरतो, पण तिचे कारण नाहीसे करीत नाही. आतली झीज चालूच राहते आणि डँपर थकला की लटपट पूर्वीपेक्षा जोराने परतते. वरील पाचही कामे झाल्यावर डँपर बसवण्यास हरकत नाही.

७. अन्य बांधणीच्या गाड्या

जिमनीसारख्या गाडीत पुढे अखंड अॅक्सल पण गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात. तीत अॅक्सलला आडवे धरून ठेवणारी पॅनहार्ड दांडी असते. गाडी उंच केल्यावर ही दांडी अॅक्सलला एका बाजूस ओढते. तिचे बुश व बोल्ट ढिले पडणे, हे अशा गाडीतील लटपटीचे नेहमीचे कारण आहे, म्हणून तपासणी तेथूनच सुरू करावी. पुढची चाके स्वतंत्रपणे वर-खाली होणाऱ्या गाडीत उंचीबरोबर चाकांचा उभा कल व टो-इन ही दोन्ही बदलतात व चाकांकडे जाणाऱ्या लहान शाफ्टचे सांधेही जास्त तिरपे होतात. तेथे घरच्या मापांवर न विसंबता अलाइनमेंट यंत्रावर तपासणी करून घ्यावी.

८. रस्त्यावर लटपट सुरू झाल्यास

अशा वेळी घाबरून जोराचा ब्रेक मारू नये, तसेच स्टिअरिंगशी झटापट करू नये. ते दोन्ही हातांनी घट्ट पण स्थिर धरावे, अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नयेत, अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा आणि वेग उतरू द्यावा. लटपट थांबल्यावर गाडी कडेला घेऊन सांधे, नट व यू-बोल्ट पाहावेत. कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीतून माणसे नेऊ नयेत व मागे ट्रॉली जोडू नये. ‘ताशी पन्नासच्या आत ठेवली की काही होत नाही,’ असे म्हणून गाडी वापरत राहणे धोक्याचे आहे. झीज वाढते, तसतशी लटपट कमी वेगालाही सुरू होते.

९. काम झाल्यावर

अॅक्सल पूर्ण खाली लोंबू देऊन ब्रेकचे रबरी होज ताणले जात नाहीत ना, आणि शाफ्टची स्प्लाइन फार बाहेर आलेली नाही ना, हे पाहावे. होज ताणलेला आढळल्यास योग्य लांबीचा बसवल्याखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये. पहिल्या शंभर कि.मी. नंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत व पुढेही काही दिवस त्यांवर लक्ष ठेवावे. मोठे टायर घातले असल्यास स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. हेडलाइटचा झोतही वर गेलेला असतो, तो खाली घ्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील अशा गाड्यांच्या मालकांना पेरणीची घाई सुरू होण्यापूर्वी एकत्र बोलवावे आणि पाणसळ, कोनमापक व खडू एवढ्या साहित्यावर एका गाडीची तपासणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. दोन माणसांचे सुमारे अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. ज्या गाडीत किंगपिनची खडखड किंवा टायरॉडची ढिलाई आढळेल, तिची दुरुस्ती होईपर्यंत ती सडकेवर न आणण्याचे मालकाने त्याच बैठकीत ठरवावे, असा आग्रह धरावा.